शुद्ध पाण्यातला उजेड

मित्रांनो, मी काचेची एक काडी आहे. लांबीला शिसपेन्सिलीएवढी आणि जाडीला तिच्या आतल्या शिशाएवढी. टेबलावरून घरंगळून खाली पडले, तर झाडणारा मला कचरा समजून सुपलीत भरेल. पण सूक्ष्मदर्शकाखाली माझे टोक पाहिलेत, तर तिथून वीस हजार डोळे तुमच्याकडे बघत आहेत असे वाटून तुम्ही मान मागे घ्याल.

दूरच्या एका कारखान्यात काच तापवून तिचे केसाहून बारीक धागे ओढले. तसे वीस हजार धागे एकमेकांना चिकटवून, पुन्हा तापवून मला घडवले. तुमच्या घरी ज्या ऑप्टिकल फायबरमधून इंटरनेट येते, ते माझे भाऊबंद. ते गाणी आणि सिनेमे वाहून नेतात. माझ्या वाट्याला वेगळे काम आले. छत्रपती संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेत मला आणले आणि माझे टोक तेजाबात बुडवले. प्रत्येक धाग्याचा गाभा थोडाथोडा विरघळला, कडा तेवढ्या उभ्या राहिल्या. पोळ्यावर मधाची घरे असतात तशी वीस हजार घरे माझ्या टोकावर तयार झाली. एका घरात एकच जीव मावेल, एवढीच जागा.

त्या घरांत जिवाणू राहायला येत. ते जिवंत असत आणि त्यांना एक विद्या शिकवलेली असे. पाण्यात पारा असला, अगदी जिभेला किंवा नाकाला कळणार नाही इतका थोडा असला, तरी ते मंद हिरवट उजेड देत. तो उजेड माझ्या अंगातून वर जाई आणि माझ्या दुसऱ्या टोकाला बसवलेल्या कॅमेऱ्याला दिसे. कोणत्या घरात दिवा लागला, ते संगणकाच्या पडद्यावर उमटे. बघणारे म्हणत, "काय सुंदर दिसतं!" मी मात्र त्या जिवांना आतून ओळखत होते. त्यांच्यासाठी उजेड म्हणजे ओरडणे होते.

बिडकीनच्या, पडेगावच्या, पार सिल्लोडच्या विहिरींचे पाणी बाटल्यांतून माझ्यापर्यंत येई. संध्याकाळी मला जंतुनाशकात बुडवत आणि वीस हजार घरे एका दमात रिकामी होत. दुसऱ्या सकाळी नवे बिऱ्हाड. मित्रांनो, माझ्यात इतके जीव विझले आहेत, की पेटीच्या अंधारात पडले असताना मला कधीकधी त्यांची चुळबुळ ऐकू येते. घरे रिकामी असतात, तरीही.

आमच्या खोलीत तीन माणसे काम करीत. निशा मॅडम प्रयोगशाळेच्या प्रमुख. शिस्तीच्या, कमी बोलणाऱ्या. साहेबराव हे शिपाई. बाटल्या धुण्यापासून पाण्याचे कॅन आणण्यापर्यंत सारे त्यांच्याकडे. आणि करुणा. ती पडेगावहून स्कूटीवर येई. एमएस्सी झालेली, हाताने हलकी. मला उचलताना ती श्वास धरायची. चार वर्षांत तिने मला एकदाही ओरखडा पडू दिला नाही. वर्तमानपत्रवाले आले, तेव्हा मॅडमनी मुद्दाम तिच्याच हातात मला देऊन फोटो काढायला लावला होता. तो माझा कौतुकाचा दिवस.

रोजच्या कामाची सुरुवात शुद्ध पाण्याने होई. त्यात काहीच नसते, म्हणून पडदा काळा राहायला हवा. तो काळा राहिला, की मगच विहिरींचे पाणी तपासायचे.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. करुणाने शुद्ध पाण्याची नळी उघडली, माझे टोक त्यात सोडले, भोवती काळे कापड ओढले आणि दिवा मालवला. थोडा वेळ अंधार होता. मग एका घरात दिवा लागला, शेजारच्या घरात दुसरा. आणि एखादे माणूस वस्तीतून दारोदार कंदील लावत निघावे, तसे माझ्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दिवे लागत गेले.

करुणा पडद्याकडे बघत राहिली. मग तिने हाक मारली, "साहेबरावकाका, आज पाणी दुसरं आणलं का?"

"नाय ओ ताई. कॅनचं सील तर तुमीच तोडलं की सकाळी."

पाणी बदलले, तरी उजेड. बाटल्या बदलल्या, नळ्या बदलल्या, नवे जिवाणू आणले. कॅमेरा उघडून पुसला. तरी रोज सकाळी त्या काहीच नसलेल्या पाण्यात माझे जीव ओरडत. कशाला बघून ओरडतात, ते मलाही कळत नव्हते. एरवी पाऱ्याचे पाणी समोर आले, की मला त्याचा जडपणा जाणवे. इथे पाणी हलके, निर्मळ होते आणि तरीही त्यात कोणीतरी होते.

"या खोलीत कायतरी हाय," साहेबराव एकदा दारातूनच म्हणाले. त्यानंतर ते एकटे आत येईनासे झाले.

एका बुधवारी करुणा रजेवर होती. त्या दिवशी शुद्ध पाणी मॅडमनी स्वतः लावले. पडदा काळा. गुरुवारी करुणा आली. उजेड. पुढच्या बुधवारी ती पुन्हा रजेवर, पडदा पुन्हा काळा. हे कोणी मोठ्याने बोलले नाही. पण साहेबराव तिच्या येण्याआधीच पिण्याच्या पाण्याची आपली बाटली भरून ठेवू लागले. पूर्वी ती करुणाच भरून द्यायची.

करुणाच्या ते लक्षात आले.

मार्च उजाडला. मॅडमना वाटले, दोष माझ्यातच असेल. मला पेटीत घालून पत्र्याच्या कपाटात ठेवले. आठ दिवस मी तिथे पडून होते. कामाच्या वस्तूला बिनकामाची म्हणून ठेवून देतात, तेव्हा कसे वाटते ते काय सांगू! कपाट करुणाच्या टेबलामागेच होते, म्हणून तिचे फोनवरचे बोलणे मला ऐकू येई. फोन बहुतेक घरी, सासूबाई सारजाबाईंना. विषय एकच. तिची पाच वर्षांची मुलगी श्रेया.

"आई, आज उठल्यावर डोळे उघडत होते का तिचे? ... आणि पाय? ... बोट दाबलं की खड्डा पडतो का अजून?"

श्रेयाचे तोंड सकाळी सुजायचे. लघवीला फेस यायचा. ती रात्ररात्र झोपत नसे, चिडचिड करायची. शेजारपाजारचे म्हणत, पोरीने काय बाळसे धरले आहे, आणि गोरीही झाली! एका खासगी दवाखान्यात सांगितले होते, की मूत्रपिंडातून प्रथिने गळत आहेत, पण का ते सांगता येत नाही. गोळ्या चालू होत्या. सूज ओसरायची आणि परत यायची.

"काहीतरी लागलंय माझ्या घराला," एकदा फोन ठेवून करुणा स्वतःशीच म्हणाली. "इथं पाणी पेटतंय, तिथं लेकरू सुजतंय."

आठ दिवसांनी मला बाहेर काढले. मॅडमनी लावले, अंधार. करुणाने लावले, उजेड. आता माझ्यावर ढकलायची सोय उरली नाही. मॅडमनी नोंदवही उघडून टेबलावर ठेवली आणि दार लोटून घेतले.

"करुणा, रागवू नकोस. मी दीड महिन्याच्या तारखा लावून पाहिल्या." त्या थांबल्या. "तू लावतेस, त्याच दिवशी होतंय."

करुणा नोंदवहीकडे बघत नव्हती. ती मॅडमच्या तोंडाकडे बघत होती.

"म्हणजे माझा हात लागला, की पाणी खराब होतं. असंच ना?"

"मी तसं नाही म्हणत—"

"माझ्या आजोबाला गावात हेच सांगत होते, मॅडम. पाणवठ्याला हात लावू नको, पाणी बाटतं. मी एवढं शिकून इथं आले, ते हे ऐकायला?"

साहेबराव दाराशी उभे होते, त्यांनी मान खाली घातली. मॅडमच्या हातातले पेन टेबलावर पडले, ते त्यांनी उचलले नाही. त्यांच्या माहेरी, मोठ्या शेतीवाडीच्या घरात, अंगणाच्या कडेला वेगळा ठेवलेला एक पेला असायचा. हे त्यांनी पुढे कधीतरी करुणाला सांगितले, म्हणून मला माहीत. त्या क्षणी त्या एवढेच म्हणाल्या, "तू म्हणशील तसं करू."

करुणाने बाह्या वर सारल्या.

"तपासा माझा हात. पण एकटीचा नाय. समद्यांचे तपासा. आधी तुमचा."

तीन पेले भरले. मॅडमनी पहिल्यात हात बुडवून धुतले, दुसऱ्यात साहेबरावांनी, तिसऱ्यात करुणाने. त्या पाण्याचे थेंब वेगवेगळ्या नळ्यांत घेतले आणि दिवा मालवला.

मॅडमचे पाणी. अंधार.

साहेबरावांचे. अंधार. एक-दोन दिवे लुकलुकले आणि विझले.

करुणाचे. माझी वीस हजार घरे उजळली. काळ्या कापडाआड तिघांची तोंडे हिरवट दिसू लागली, इतका उजेड होता तो.

साहेबराव पुटपुटले, "देवा!" मॅडमनी करुणाच्या खांद्यावर हात ठेवला. करुणाने तो बाजूला केला. ती रडेल असे मला वाटले होते. पण ती शिकलेली बाई होती, आणि चार वर्षे माझ्या सोबतीने तिने हेच काम केले होते.

"डावा वेगळा घ्या. उजवा वेगळा," ती म्हणाली.

डावा हात. अंधार. उजवा हात. उजेड.

"आता एकेक बोट."

अंगठा, मंद. करंगळी, काळोख. अनामिका, काळोख. तर्जनी आणि तिच्या शेजारचे मधले बोट. या दोन बोटांच्या पाण्यात माझे जीव असे काही पेटले, की मला वाटले काच तडकेल.

करुणाने दिवा लावला. ती आपली दोन बोटे तोंडासमोर धरून बघत होती, जणू ती दुसऱ्या कोणाची होती.

"या दोन बोटांनी मी काय करते?" ती हळूच म्हणाली. "नळ्यांची झाकणं उघडते. हातमोजे ओढते. पण त्याच्या आधी... घरून निघताना..."

तिने चटकन मॅडमकडे पाहिले.

"मॅडम, मलम. श्रेयाचं मलम."

मग तिने सांगितले. जानेवारीत श्रेयाच्या बालवाडीचे स्नेहसंमेलन झाले. नाचात श्रेयाला शेवटच्या रांगेत, पडद्याच्या कडेला उभे केले. बाई हसत म्हणाल्या, हिच्यावर रंगच उठत नाही. घरी आल्यावर श्रेयाने आरशासमोर उभे राहून अंगाला पावडर चोळली, अख्खा डबा संपेपर्यंत. करुणा ते दारातून बघत होती. ब्यूटी पार्लरवाल्या एका ओळखीच्या बाईने तिला एक पांढरी डबी दिली. डबीवर ना कंपनीचे नाव, ना आत काय आहे त्याची चिठ्ठी. पंधरा दिवसांत रंगात फरक पडेल, म्हणाली. पडला. म्हणून करुणा रोज सकाळी कामाला निघताना, दोन बोटांवर मलम घेऊन, लेकीच्या गालांना, मानेला, हातांना चोळत असे. मग घाईघाईत हात फडक्याला पुसून स्कूटीला किल्ली लावत असे.

तिने घरी फोन लावून स्पीकरवर टाकला.

"आई, ती पांढरी डबी... आज लावली का?"

"तू सकाळी लावलीस. मी आत्ताच अजून एक डाव लावली बघ," पलीकडून सारजाबाई कौतुकाने म्हणाल्या. "उद्या लग्नाला जायचंय ना. लई खुलून दिसायली पोरगी."

"आई, धुवा तिला. आत्ता. साबण लावून धुवा. तुमचे हात बी धुवा. त्या डबीला परत हात लावू नका."

साहेबरावांनी कोणाला न विचारता मोटारसायकलची किल्ली घेतली. पाऊण तासात ते पडेगावहून प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेली डबी घेऊन आले. तोंड घामाने भरले होते.

टाचणीच्या डोक्याएवढे मलम पेलाभर पाण्यात ढवळले आणि त्यातला एक थेंब मला दाखवला.

मित्रांनो, तेव्हा जे झाले ते मी विसरू शकत नाही. एकाच क्षणी वीसच्या वीस हजार घरांत दिवा लागला. एकही घर सुटले नाही. आणि मग कडेपासून एकेक दिवा विझू लागला. विष एवढे होते, की ओरडायलाही जीव उरला नाही. पडदा हळूहळू काळा झाला. पण तो नेहमीचा काळोख नव्हता. माझ्या प्रत्येक घरात एकेक प्रेत होते.

"आणि हे मी तिच्या अंगाला चोळत होते," करुणा म्हणाली.

त्याच संध्याकाळी श्रेयाला घाटीत, शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात नेले. करुणाचा नवरा संघपाल कारखान्यातली पाळी सोडून तसाच पोचला. मॅडमही सोबत होत्या. डॉक्टरांनी लघवीतला पारा तपासला आणि म्हणाले, कारण सापडले हे फार बरे झाले, आता उपचार करता येतील. मलम बंद झाले, औषधे सुरू झाली. जूनपर्यंत सूज गेली. फेस कमी झाला. अजूनही दर महिन्याला तपासणी असते, आणि पूर्ण बरे व्हायला किती दिवस लागतील ते डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत. श्रेया मात्र पुन्हा झोपू लागली आहे, पळू लागली आहे.

करुणाला सावरायला जास्त वेळ लागला. एका दुपारी तिने मॅडमना सांगितले, "मी तिला उजव्या हातानं शिवतच नव्हते, मॅडम. दोन आठवडे. जेवू घालायचे तर डाव्या हातानं. परवा म्हणली, आई, तुझा तो हात मेला का?"

त्याच दिवशी साहेबराव आत आले आणि त्यांनी आपली रिकामी बाटली करुणापुढे धरली. "भरता का ताई?" ते म्हणाले. "लई दिवस झाले." करुणाने त्यांच्याकडे पाहिले. बाटली लगेच घेतली नाही. साहेबराव तसेच उभे राहिले, हात लांब करून. शेवटी तिने ती उजव्या हाताने घेतली.

मग करुणाने एक काम अंगावर घेतले. वस्तीतल्या, ओळखीतल्या बायकांना ती म्हणाली, तुमच्या नाव नसलेल्या डब्या घेऊन या, फुकट तपासून देते. मॅडमनी गुरुवारची दुपार त्यासाठी मोकळी ठेवली. बायका पदराखाली, पर्सच्या तळाशी, चोरीचा माल असावा तशा डब्या लपवून आणीत. पहिल्या महिन्यात एकतीस आल्या. एकोणीस डब्यांनी माझी घरे उजळली. दर वेळी उजेड पडला, की कोणीतरी बाई नकळत स्वतःच्या गालाला हात लावायची.

त्यातल्या एका गुरुवारी सिल्लोडहून कडूबाई आल्या. वय पन्नाशीचे, हातात अर्धी भरलेली डबी. ती डबी त्यांच्या मुलीची, सत्यशीलाची. पडदा हिरवा झाला, तसा करुणाने सारे समजावून सांगितले. मूत्रपिंड, सूज, श्रेया, सगळे. कडूबाईंनी शांतपणे ऐकून घेतले. मग डबी उचलली, झाकण घट्ट लावले आणि पिशवीत टाकली.

"मावशी, ती इथंच ठेवा," करुणा म्हणाली.

"रविवारी पाव्हणे यायलेत पोरीला बघायला. तेवढं होऊ द्या. मग टाकून देते."

"मावशी, तीन दिवस बी नको."

"तुमच्या पोरीचं लग्न लांब हाय, ताई," कडूबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. आणि त्या जिना उतरून गेल्या.

रविवारी करुणा संघपालला घेऊन सिल्लोडला गेली. सोमवारी ती आली, तेव्हा तिने पर्समधून ती डबी काढली आणि विषारी कचऱ्याच्या काचेच्या बरणीत टाकायच्या आधी मॅडमना दाखवली. गुरुवारी अर्धी असलेली डबी रिकामी झाली होती. तळाशी बोटांचे ओरखडे होते, शेवटचा कण खरवडून काढल्यासारखे.

"आईनं दारातूनच वाटं लावलं," करुणा सांगत होती. "पाव्हणे पसंत करून गेले होते. आम्ही निघालो, तर पोरगी मागच्या दारानं पळत आली. डबी तिनंच दिली. तोंड इतकं पांढरं पडलं होतं मॅडम, आणि हात तसेच सावळे. तिला म्हणलं, उद्याच घाटीत ये, मी थांबते तुझ्यासाठी. ती व्हय म्हणाली."

"मग?"

"मग मला विचारायली, ताई, लग्न दोन महिन्यांवर हाय. तोवर काय लावू?"

मित्रांनो, आता माझे टोक झिजले आहे. काही घरांच्या भिंती पडल्या आहेत, थोड्या दिवसांत माझ्या जागी नवी काडी येईल. तुमच्या घरातल्या नाव नसलेल्या डब्या, बाटल्या, पुड्या एकदा उजेडात आणून बघा. आपल्या माणसाला काही चोळण्याआधी, पाजण्याआधी ते काय आहे हे विचारा. आणि सत्यशीलासारखी एखादी मुलगी तुमच्या घरात, वर्गात, शेजारी असेलच. काय लावू म्हणून ती विचारते आहे. मी काच आहे, मला बोलता येत नाही. तुम्हाला येते. तिला कोणीतरी उत्तर द्या.